एकाच चंद्राचे तीन ठिपके

शनीचं एक चित्र मध्यंतरी बरंच फिरत होतं. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानानं टिपलेल्या फ्रेम घेऊन कुणीतरी हौसेनं ते तयार केलं होतं. कडी जवळजवळ आडवी, एक बारीक तेजस्वी रेघ. तिच्या वर-खाली ग्रहाचा फिकट पिवळसर-बदामी गोल. आणि उजवीकडे, कड्यांच्या टोकापासून थोडं पुढे, तीन इवलाले ठिपके एका ओळीत. एक लाल, एक हिरवा, एक निळा. खाली लिहिलं होतं, ‘शनी आणि त्याचे तीन चंद्र’. चित्र खरोखर देखणं होतं. पण ते ठिपके मनात रुतून बसले, कारण तिथे चंद्र एकच होता. तो तीनदा टिपला गेला होता, तीन वेगळ्या फिल्टरमधून, आणि दर वेळी थोडा पुढे सरकला होता. चित्र करणाऱ्यानं शनी नीट जुळवला, कडी नीट जुळवली, चंद्र मात्र तसाच सोडून दिला. एका अर्थी त्यानं काहीच लपवलं नव्हतं. उलट अशा चित्रांत एरवी जे झाकलं जातं तेच त्या ठिपक्यांत उघडं पडलं होतं. तरीही पाहणाऱ्यापर्यंत चुकीची गोष्ट पोचली, हेही तितकंच खरं. चित्र प्रामाणिक आणि त्यातून होणारा समज खोटा, हे एकाच वेळी कसं घडतं, हा प्रश्न काही केल्या पाठ सोडेना.

कॅसिनीच्या कॅमेऱ्यांना मुळात रंग दिसतच नव्हता. कॅमेरे दोन होते. एक अरुंद कोनाचा, २००० मिलिमीटर फोकल लेंग्थचा. दुसरा रुंद कोनाचा, २०० मिलिमीटरचा. दोन्हींमागे १०२४ बाय १०२४ पिक्सेलची कृष्णधवल सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. दहा लाख किलोमीटरवरून पाहिलं तर अरुंद कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये ६ किलोमीटर मावतात, रुंद कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये ६०. सीसीडीच्या पुढे फिल्टरांची दोन-दोन चाकं. अरुंद कॅमेऱ्यात प्रत्येक चाकावर १२ जागा, रुंद कॅमेऱ्यात ९. रंगीत चित्रासाठी त्यातले तीन फिल्टर लागतात: लाल साधारण ६५० नॅनोमीटरचा, हिरवा ५६८ चा, निळा ४५१ चा. चाक फिरवायचं, शटर उघडायचं, सीसीडी वाचून घ्यायची, पुन्हा चाक फिरवायचं. या सगळ्याला वेळ लागतो. दोन फ्रेममध्ये अर्धा-एक मिनिट सहज जातं, कधी त्याहून जास्त.

अर्धं मिनिट म्हणजे शनीच्या दारात फार मोठा काळ. शनीचा चंद्र एन्सेलॅडस आपल्या कक्षेत सेकंदाला साडेबारा किलोमीटरहून थोड्या जास्त वेगानं पळतो. अर्ध्या मिनिटात तो ३८० किलोमीटर पुढे गेलेला असतो, आणि त्याचा व्यासच मुळी ५०४ किलोमीटर आहे. लाल फ्रेममधला एन्सेलॅडस आणि हिरव्या फ्रेममधला एन्सेलॅडस यांच्यात त्याच्या स्वतःच्या अंगाच्या पाऊणपट अंतर पडतं. शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरचा ढग सेकंदाला जवळपास १० किलोमीटर सरकतो, मिनिटाला ६००. दहा लाख किलोमीटरवरच्या रुंद कॅमेऱ्यात तेवढ्यात मधला ढग १० पिक्सेल पुढे सरकतो. कड्यांमधले बर्फाचे तुकडे त्याहून वेगवान, ‘बी’ नावाच्या तेजस्वी कड्यात सेकंदाला १८ ते २० किलोमीटर. पण कडी सगळीकडून सारखी दिसत असल्यामुळे ती स्थिर आहेत असा भास होतो. वर यान स्वतः चाललेलं असतं, त्यामुळे जवळचा चंद्र, मागची कडी आणि त्यामागचा ग्रह एकमेकांच्या तुलनेत आणखीच हलतात.

एका रंगीत चित्रात असे तीन क्षण एकावर एक ठेवलेले असतात.

या फ्रेम कुणालाही मिळतात, पण त्यांच्याकडे जायचे दरवाजे दोन आहेत आणि कुठून आत शिरायचं यावर पुढचं बरंच काही ठरतं. मोहीम चालू असताना पृथ्वीवर पोचलेली प्रत्येक फ्रेम नासाच्या संकेतस्थळावर जेपेग स्वरूपात लगेच झळकायची. उत्साह वाढवायला ती उत्तम, रंगासाठी मात्र घातक. कारण प्रत्येक फ्रेमचा उजेड आपोआप ताणलेला असतो: त्या फ्रेममधलं सर्वांत अंधारं ते काळं, सर्वांत उजळ ते पांढरं. शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन निळ्या फिल्टरमध्ये लाल फिल्टरपेक्षा खूपच अंधुक असतो. त्याचा नारिंगी रंग म्हणजे हाच फरक. ताणलेल्या जेपेगमध्ये दोन्ही फ्रेम सारख्याच उजळ होऊन बसतात, आणि तीन फ्रेम जोडल्या की टायटन राखाडी निघतो. मग माणूस एखाद्या प्रसिद्ध चित्राकडे बघत अंदाजानं नारिंगी ओततो. असा रंग मोजून आलेला नसतो, आठवणीतून आलेला असतो.

दुसरा दरवाजा नासाच्या ग्रहीय माहितीच्या संग्रहाचा. तिथे कडी आणि चंद्रांच्या विभागाचं ‘ओपस’ नावाचं शोधसाधन आहे. त्यात लक्ष्य, तारीख, कॅमेरा, फिल्टर, सावलीचा कोन असं सगळं निवडून फ्रेम गाळता येतात. मिळणाऱ्या फाइलच्या नावातच अर्धी माहिती असते. सुरुवातीचं अक्षर ‘एन’ असेल तर अरुंद कॅमेरा, ‘डब्ल्यू’ असेल तर रुंद. पुढचे दहा आकडे यानाच्या घड्याळातले सेकंद. दोन फाइलींच्या नावांतले आकडे एकमेकांतून वजा केले की दोन फ्रेममध्ये किती सेकंद गेले ते हातात पडतं. काही उघडून बघायच्या आधीच ही वजाबाकी करावी. फरक वीस-तीस सेकंदांचा आणि चंद्र लांबचा असेल तर काम तासाभराचं. फरक चार मिनिटांचा आणि चंद्र कड्यांपुढून जात असेल तर आठवडा गेला म्हणून समजा.

संग्रहातली कच्ची फाइलही जशीच्या तशी वापरता येत नाही. कॅमेरा १२ बिटांत मोजायचा, म्हणजे उजेडाच्या ४०९६ पायऱ्या; पण पाठवायचं ओझं कमी करायला त्या पुष्कळदा २५६ पायऱ्यांत दाबल्या जायच्या, तेही वर्गमुळासारख्या वक्रानं. अंधाऱ्या भागात पायऱ्या जवळजवळ, उजळ भागात लांब-लांब. आधी ही घडी उलगडावी लागते. मग फ्रेमभर आडव्या फिकट पट्ट्या असतात. इलेक्ट्रॉनिक्समधून येणारा हा ठरावीक गोंगाट अंधुक फ्रेममध्ये फार खुपतो. मग सीसीडीचा स्वतःचा अंधारातला प्रवाह, वाटेत कुठेतरी बसलेल्या धूलिकणांची वर्तुळं, एकमेकांना चिकटलेल्या काळ्या-पांढऱ्या पिक्सेलच्या जोड्या. हे सगळं काढून, एक्स्पोजरच्या वेळेनं भागून, सूर्यप्रकाशाचा किती हिस्सा त्या पृष्ठभागानं परत फेकला हे सांगणारा आकडा हातात येतो. कॅमेऱ्याच्या गटानं त्यासाठी ‘सिसकॅल’ नावाची प्रणाली लिहिली, आणि ती चालवून शुद्ध केलेल्या फाइलीही संग्रहात ठेवलेल्या आहेत. नव्या माणसानं सरळ त्याच घ्याव्यात. स्वतः शुद्ध करण्यात मोठेपणा काही नाही, फक्त चुका करायच्या जागा वाढतात.

एक घाण मात्र या प्रणालीनंतरही राहते. वैश्विक किरणांचे कण सीसीडीवर आदळले की पांढरा ठिपका किंवा बारीक ओरखडा उमटतो. लाल फ्रेममध्ये आदळला तर जोडलेल्या चित्रात लाल ठिपका, निळ्यात आदळला तर निळा. हुबेहूब चंद्र. ओळखायचं कसं? चंद्र तिन्ही फ्रेममध्ये असतो आणि वेळेच्या प्रमाणात, एका दिशेनं सरकतो. तारेही तिन्हींत असतात, पण सगळे मिळून एकाच अंतरानं सरकतात. किरणाचा डाग एकाच फ्रेममध्ये असतो. हे तपासण्याआधी ठिपके पुसायला घेतले की पँडोरा किंवा जॅनससारखा खरा छोटा चंद्र पुसला जाण्याची भीती असते, आणि तपासलंच नाही तर शनीला नसलेले चंद्र बहाल होतात.

मग येतं जुळवणं. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त कॅलेंडरवर देवाच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सरकलेला असतो, तसंच इथे होतं. चंद्राच्या एका कडेला हिरवी झालर, दुसऱ्या कडेला जांभळी. गिंपमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये एक फ्रेम दुसऱ्यावर ठेवून लेयर ‘डिफरन्स’वर टाकायचा आणि बाणाच्या कळीनं सरकवत राहायचं. दोन्ही जुळल्या की मधलं चित्र काळवंडतं. पूर्ण काळं होणार नाही, कारण दोन फिल्टरमधला उजेड वेगळा असतो. कडेची उजळ रेघ दोन्हीकडून सारखी बारीक झाली का, एवढंच बघायचं. ऱ्हिया किंवा डायोनीसारखा चंद्र असेल तर कडेपेक्षा विवरांवर भरवसा ठेवावा. दिवस-रात्रीची सीमा तर अजिबात धरू नये, ती प्रत्येक फिल्टरमध्ये वेगळ्या ठिकाणी विरते.

यान जवळून जात असेल तर नुसतं सरकवून भागत नाही. एक लाख किलोमीटरवरून, सेकंदाला ८ किलोमीटर वेगानं जवळ येताना एका मिनिटात अंतर ४८० किलोमीटरनं घटतं. चंद्र अर्ध्या टक्क्यानं मोठा होतो. चंद्रानं फ्रेम भरलेली असेल तर हा फरक पाच पिक्सेलचा. मधोमध जुळवलं की कडा सुटतात, एक कडा धरली की दुसरी सुटते, आणि माणूस तासभर सरकवत बसतो. आधी आकार सारखा करावा, मग जागा.

टायटनची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. टायटनला दिसण्याजोगा टणक काठ नाही. त्याच्याभोवतीचं धुकं तरंगलांबी कमी होत जाईल तसं अधिक दाट भासतं. लाल प्रकाश धुक्यात खोलवर शिरतो, निळा वरच्या थरांतूनच परततो, अतिनील त्याहून वरून. म्हणून निळ्या फ्रेममधला टायटन लाल फ्रेममधल्या टायटनपेक्षा खरोखरच किंचित मोठा असतो. ऱ्हियावर शिकलेल्या हातानं इथे निळी फ्रेम लहान करून लालवर चपखल बसवली, की टायटनच्या नारिंगी गोलाभोवतीची ती तलम निळसर कडा नाहीशी होते. चित्र अधिक ‘स्वच्छ’ दिसतं आणि टायटनवर वातावरण आहे हे सांगणारी खूणच त्यातून निघून जाते. टायटनसाठी केंद्र जुळवायचं, कडा नाही. आणि मग जी झालर उरेल ती राहू द्यायची.

चंद्र, कडी आणि ग्रह एकाच चौकटीत असले की प्रत्येकाला वेगळं जुळवण्यावाचून इलाज नसतो. बहुतेक जण हिरवी फ्रेम आधार धरतात. ती बहुधा मधल्या क्षणाची असते आणि डोळ्याला तपशील हिरव्यातून जास्त मिळतो. लाल आणि निळ्या फ्रेममधला चंद्र कापून हिरव्यातल्या जागी आणायचा. पण तो जिथून उचलला तिथे भोक पडतं. लाल फ्रेममध्ये चंद्रामागे दडलेला कड्यांचा तुकडा हिरव्या फ्रेममध्ये उघडा असतो, तिथून तो आणता येतो. मात्र तो हिरव्यातला उजेड आहे, त्याला कड्याच्या त्याच पट्ट्याच्या लाल प्रमाणानं गुणावं लागतं. कडी गोल असल्यामुळे त्याच त्रिज्येवरचा शेजारचा तुकडाही चालतो. चंद्राची सावली शनीवर पडली असेल तर तिचंही हेच. सावली विसरली जाते, मग चंद्र पांढराशुभ्र आणि त्याच्या सावलीचे मात्र ढगांवर तीन रंगीत डाग असं चित्र तयार होतं. शनीचे ढग ठळक असतील तर पूर्ण फ्रेम ग्रहाच्या नकाशावर पसरून, फिरण्याएवढी मागे नेऊन पुन्हा गोलावर चढवावी लागते. शनी ध्रुवांकडे चांगला दहा टक्के चपटा आहे, त्यामुळे साध्या गोलावर हे करायला गेलं तर वरचे पट्टे हमखास वाकडे येतात.

एवढं केल्यावर जे दिसतं ते कॅमेऱ्यानं कुठल्याही एका क्षणी पाहिलेलं नसतं. हे मला कधी खुपतं, कधी अजिबात खुपत नाही. तिथे माणूस असता तर त्याला एक पांढरा चंद्रच दिसला असता. त्याच्या डोळ्यांसमोरून तीन रंगांचे तीन चंद्र गेले नसते. म्हणजे कापून-जोडून केलेलं चित्र त्याच्या पाहण्याच्या जास्त जवळ आहे. तरी ते भोक भरताना हात जरा थबकतो, आणि थबकावाच.

रंगाचं गणित शुद्ध फाइलींमुळे पुष्कळ सोपं होतं. सूर्यप्रकाशाच्या तुलनेतले आकडे असल्यामुळे पांढरं म्हणजे काय हे आधीच ठरलेलं असतं. तिन्ही फिल्टरमध्ये सारखा आकडा म्हणजे पांढरा किंवा राखाडी. पडताळायला एन्सेलॅडस घ्यावा. ताज्या बर्फानं माखलेला तो चंद्र जवळजवळ रंगहीन यायला हवा. तो गुलाबी येत असेल तर कुठेतरी एक्स्पोजरचा भागाकार चुकला आहे. खरी ठेच पुढे लागते. फाइलमधले आकडे सरळ रेषेतले असतात आणि आपला पडदा तसा नसतो. ०.२ हा आकडा सरळ २५५ नं गुणला तर ५१ येतो, जवळपास काळा. पडद्यासाठीचा गॅमा वक्र लावला की तोच १२४ होतो. वक्र न लावलेल्या चित्रात शनीची सावलीकडची बाजू एकदम अंधारात बुडते आणि रंग भडकतात, कारण लाल आणि निळ्यातलं दुपटीचं अंतर दुपटीचंच राहतं. वक्र लावल्यावर ते एकास एक पूर्णांक चार दशांशाच्याही आत येतं. असं गडद, भडक चित्र लोकांना आवडतं, नाट्यमय वाटतं. पण शनी तसा नाही. तो फार सौम्य रंगांचा ग्रह आहे. त्याची कडी फिक्या वाळूच्या रंगाची. बी कड्याला किंचित तांबूस झाक, ‘सी’ कडं आणि कड्यांमधली कॅसिनी नावाची फट त्या मानानं करडी. हा फरक रंग गडद करणारी सॅच्युरेशनची कळ न ओढताही दिसतो, फक्त थोडा वेळ बघत राहावं लागतं. आयापेटस या चंद्राची काळी बाजूसुद्धा कोळशासारखी निव्वळ काळी नसून तांबूस काळी आहे, आणि ते कळण्यासाठीही शेजारची पांढरी बाजू बरोबर पांढरी आलेली असावी लागते.

कधी कधी तीनपैकी एक फ्रेम नसतेच. पाठवताना तुटलेली, किंवा घेतलीच नव्हती. हिरवी नसेल तर लाल आणि निळ्याच्या सरासरीतून बनवतात. नुसती सरासरी घेण्यापेक्षा जवळच्या तारखेचा पूर्ण संच शोधून त्यातलं प्रमाण वापरलं तर रंग बराच खरा येतो. ही युक्ती जुनी आहे. १९७९ मध्ये शनीजवळून गेलेल्या पायोनियर ११ ला कॅमेराच नव्हता. यान गरगरत असताना एक प्रकाशमापक रेघ-रेघ टिपत जायचा, तोही फक्त लाल आणि निळ्यात. हिरवा रंग पृथ्वीवर घडवला गेला. व्हॉयेजर यानांच्या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या नळ्या होत्या, ८०० बाय ८०० ओळींच्या, आणि लाल प्रकाश त्यांना नीट दिसत नसे, म्हणून लालच्या जागी नारिंगी फिल्टर. आपल्यापैकी अनेकांच्या मनातला शनी १९८० आणि १९८१ च्या त्या नारिंगी-पिवळ्या चित्रांवरून तयार झाला आहे. पुढे कॅसिनीची चित्रं फिकी वाटली, ती त्यामुळेही.

मुद्दाम खोट्या रंगात केलेल्या चित्रांशी माझं भांडण नाही. उत्तर ध्रुवावरच्या चक्रीवादळाचं ते लालबुंद गुलाबासारखं चित्र २०१२ च्या नोव्हेंबरातलं. त्यात ७५२ नॅनोमीटरची फ्रेम लाल केली, ७२८ ची हिरवी, ८९० ची निळी. मिथेन वायू यातल्या काही तरंगलांबी कमी-जास्त गिळतो. त्यामुळे खोलवरचे ढग लाल येतात आणि उंचावरचे हिरवे. वादळाचा डोळा सुमारे २००० किलोमीटरचा, आणि त्यातली उंची-खोली एका नजरेत वाचता येते. साध्या रंगात तोच भाग जवळजवळ एकाच रंगाचा दिसला असता. टेथिस या चंद्रावरच्या बारीक तांबड्या कमानीही अशाच. २०१५ च्या एप्रिलमध्ये अवरक्त, हिरव्या आणि अतिनील फिल्टरांतल्या फ्रेम जोडल्यावर त्या ठळक झाल्या. रुंदी काही किलोमीटर, लांबी काहीशे किलोमीटर. नुसत्या डोळ्यांनी त्या कळल्या असत्या का, याची शंकाच आहे. भांडण आहे ते पुढे होतं त्याच्याशी. चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जातं, खालची ओळ गळून पडते, आणि शनीच्या डोक्यावर रक्तासारखा लाल भोवरा आहे असं घरोघरी समजलं जातं.

शनीचा रंग बदलतो, ही गोष्ट तर यात सगळ्यात विलक्षण. आपल्याकडे शनी म्हटलं की काळा नाहीतर गडद निळा. काळे उडीद, तेल, निळी फुलं, नीलम. दुर्बिणीतून पहिल्यांदा बघणारा मनुष्य त्याचा पिवळसर गोल बघून चकित होतो. पण २००४ मध्ये कॅसिनी पोचला तेव्हा शनीच्या उत्तर गोलार्धात हिवाळा होता, आणि तो गोलार्ध निळा होता. खोट्या रंगात नव्हे, डोळ्यांनी दिसला असता तसाच निळा. कड्यांची सावली पडलेली, ऊन तिरपं, अतिनील किरण कमी, म्हणून धुकं विरळ. स्वच्छ वायूंतून निळा प्रकाश विखुरतो आणि मिथेन लाल प्रकाश खातो. त्या निळ्यावर कड्यांच्या सावल्यांच्या रेघा आणि पुढ्यात इवलासा चंद्र मायमस, असं २००४ च्या नोव्हेंबरातलं चित्र आहे. शनी किती समृद्ध दिसू शकतो हे ज्याला पाहायचं असेल त्यानं तेच पाहावं. २००९ मध्ये दिवस-रात्र समान झाली, ऊन उत्तरेकडे सरकलं आणि निळाई ओसरत गेली. उत्तर ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांच्या षटकोनी पट्ट्याच्या आतला भाग २०१२ ला निळसर होता, २०१६ पर्यंत सोनेरी झाला. हा बदल दाखवायचा तर दोन्ही वर्षांच्या फ्रेमना अगदी तीच कृती लावावी लागते. तेच शुद्धीकरण, तोच वक्र, तोच पांढरा. प्रत्येक चित्र वेगळं सजवलं की बदल ग्रहाचा की सजवणाऱ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मोठ्या जुळणीच्या चित्रांत हाताचं काम आणखी वाढतं. १९ जुलै २०१३ ला कॅसिनी शनीच्या सावलीत होता, सूर्य ग्रहामागे, आणि कड्यांखाली पृथ्वीचा ठिपका. चारेक तासांत ३२३ फ्रेम घेतल्या गेल्या. त्यातल्या रुंद कॅमेऱ्याच्या १४१ फ्रेममधून ते भव्य चित्र झालं. कॅमेऱ्याच्या गटाच्या प्रमुख कॅरोलिन पोर्को यांच्या गटानं ते प्रसिद्ध करताना पृथ्वी, शुक्र, मंगळ आणि काही चंद्र शनीच्या तुलनेत साडेआठ पट उजळ केले आहेत, हे चित्राखालच्या ओळीतच लिहून टाकलं. त्यामुळे चित्राची मोहिनी तसूभरही कमी झाली नाही. मी हे चित्र दाखवताना तो आकडा नेहमी सांगतो, आणि ऐकणारा पृथ्वीकडे जरा जास्त वेळ बघतो.

म्हणून आपण केलेल्या चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, कुठला फिल्टर कुठल्या रंगात घातला, फ्रेमचे आकडे, आणि काय हलवलं किंवा कशानं भरलं. ‘चंद्र हिरव्या फ्रेमच्या क्षणी ठेवला आहे, मागचं कडं शेजारून भरलं आहे’ एवढं पुरतं. आणि चंद्र हलवायचा नसेल, तर ‘हे तिन्ही ठिपके एकाच चंद्राचे’ असं लिहायला पाचच शब्द लागतात.

कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ ला शनीच्या वातावरणात जळून गेला. शनीभोवती आज एकही कॅमेरा नाही. हबलसारख्या दुर्बिणी लांबून त्याचं चित्र घेतात, तेवढंच. पण कॅसिनीनं साडेचार लाखांहून जास्त फ्रेम मागे ठेवल्या आहेत, आणि त्यातले कितीतरी संच रंगात अजून कुणी जोडलेले नसतील. ज्याला हात घालावासा वाटेल त्यानं कड्यांसह शनी घेऊन सुरुवात करू नये. ओपसमध्ये ऱ्हिया निवडावा, अरुंद कॅमेरा, लाल-हिरवा-निळा, मागे काळं आकाश, फाइलींच्या आकड्यांतला फरक शंभराच्या आत. तीन शुद्ध फाइली उतरवाव्यात आणि ३२ बिटांत उघडाव्यात. विवरांवरून जुळवावं, गॅमा लावावा, सॅच्युरेशनला हात लावू नये. राखाडी चंद्र राखाडीच आला की मग टायटन घ्यावा.